तीन दिवसांचं सुतक

सासूबाई,

‘ती. आई’ असं लिहायला घेतलं होतं, पण लिहवेना. हे पत्र तुम्हाला देणारही नाहीये.

नागपूरला माझी आई वारली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक, वरदा.” चौथ्या दिवशी लंडनच्या हॅरोतल्या या घरात ठरलेला सत्यनारायण घातलात आणि शिरा माझ्याकडून भाजून घेतलात. तुमचा मुलगा लोकांना सांगत होता, “शी इज कोपिंग रिअली वेल.”

संध्याकाळी शेजारच्या हायाशीबाईंकडे प्रसाद घेऊन गेले. त्यांच्या गार्डनमध्ये इनारीचं, म्हणजे त्यांच्या जपानातल्या भाताच्या देवाचं, छोटं लाकडी देऊळ आहे. एरवी मीही तिथे हात जोडते. आईचं कळल्यावर बाई वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “पन्नास दिवस देवासमोर यायचं नाही. तुझी आई गेलीय.”

तोपर्यंत मला असं कुणी म्हणालंच नव्हतं. कुंपणाला धरून मी पहिल्यांदा रडले.

तुमच्या मागे मला दहा दिवसांचं सुतक लागेल, तेही शास्त्रच. ते मी चोख पाळीन. अकराव्या दिवशी शिरा भाजीन, साजूक तुपातला.

तुम्हाला हवी होती तशी सून,
वरदा