अमोनियाचं गाऱ्हाणं

६ जानेवारी
झालं! बर्फ कारखान्याचं प्रशिक्षण मलाच! इतकी वर्षं रुग्णवाहिकेतून माणसं नेली. आता नेण्याची वेळच येऊ नये म्हणून शिकवायचं – बर्फ गोठवायला वापरतात तो अमोनिया वायू गळला तर काय करायचं ते. आणि कारखाना कुठला? मालवण बंदरावरचा, बाबांचा! आयुष्य गेलं त्यांचं तिथल्या मशीनवर. जेवताना सांगितलं तर म्हणे, "तू माका शिकवतलंस? गळला तर आधी माझ्या नाकाक कळता!"

८ जानेवारी
पहिला वर्ग. फजिती! गाडीत बर्फ भरणाऱ्यांचा म्होरक्या बाबली उठलाच – "गाऱ्हाणा घातल्याबिगर कसला शिकवतंस गो?" मग नारळ आला. देवाला गाऱ्हाणं – कामाआधीचं साकडं – बाबांनीच घातलं. दर वाक्याला सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!" – पत्रे हादरले. नंतर मी पडद्यावर चित्रं लावली आणि सगळे पेंगले.

१० जानेवारी
सुचलं! सगळं गाऱ्हाण्यातच घालायचं!

"बा देवा म्हाराजा! वास इलो तर आधी वारो खंयसून येता तो बघूक व्हयो –"

"व्हय म्हाराजा!"

"वाऱ्याच्या आडव्या अंगान भायर पडूक व्हया, मगे वारो येता त्या बाजूक जमूक व्हया –"

"व्हय म्हाराजा!"

"बघूक म्हणान कोणी आत घुसूचा नाय!"

इथे बाबलीचा आवाज बारीक झाला. कुठे काही झालं की अख्खं बंदर "काय झाला? काय झाला?" करत तिकडेच धावतं, आणि पुढे हाच असतो! हसून हसून पोट दुखलं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलं, आणि कोणी चकार शब्द काढला नाही!

१३ जानेवारी
डोळे बांधून वासाची परीक्षा. बाटलीत जरासा पातळ अमोनिया. कोणी नाक मुरडतंय, बाबली शिंकतोय, नुसता धुमाकूळ! बाबांच्या नाकाशी धरली तर म्हणतात, "ही रिकामी आसा!" काय टाळ्या पडल्या! सगळ्यांना वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. मीही हसले.

बाटली रिकामी नव्हती.

१४ जानेवारी
बाबांना एकटं गाठलं. रोज तोच वास घेऊन नाक मेलंय त्यांचं. मला भीती वाटते, सरळ सांगितलं. शर्टाला लावायचं छोटं यंत्र पुढे केलं – गॅस लागला की ओरडतं. भडकलेच! "माका बैल समजलंस? गळ्यात घंटा बांधून फिरू?" रडू आलं. यंत्र टेबलावर ठेवून दिलं.

१६ जानेवारी
यंत्र टेबलावर नाही! आईला विचारलं तर ती भाजी निवडतेय आणि गालातल्या गालात हसतेय. मी काही विचारणार नाही. पण दिवसभर रुग्णवाहिकेत गुणगुणत होते!

२१ जानेवारी
आज सराव नव्हता, कारखान्यात खरंच अमोनिया गळला.

रुग्णवाहिका घेऊन मी पोचले तेव्हा सगळे धक्क्यावर, वारा येतो त्या बाजूला. आत एकही नाही. बाबलीसुद्धा बाहेर! बाबांच्या खिशाला यंत्र अजून ओरडत होतं.

"माका वासच इलो नाय गो," बाबा म्हणाले. सगळ्यांसमोर. कोणी हसलं नाही.