दोन खाचांची माया

प्रिय आत्या,

ताईकडून कळलं की तुझा गुडघा आता बऱ्यापैकी वाकतो आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला तूच व्यायाम शिकवायला लागली आहेस. म्हणजे तब्येत ठीक आहे असं मी धरून चालते. फोन न करता पत्र का लिहितेय ते तुला माहीतच आहे. फोनवर तू ऐकतेस कमी आणि बोलतेस जास्त, आणि मला जे सांगायचंय ते कुणी मधेच तोडलं तर माझ्याच्यानं पुन्हा सांगवणार नाही. तेव्हा चष्मा लाव, खुर्चीत नीट बस, आणि शेवटपर्यंत वाचून झाल्याशिवाय ताईला हाक मारू नकोस.

आधी दुकानाचं सांगते, नाहीतर तुझं लक्ष तिकडेच राहील. काळं मशीन पुन्हा धागा तोडत होतं. तेल घातलं, सुई बदलली, तुझ्यासारख्या दोन शिव्याही दिल्या, तेव्हा वठणीवर आलं. बँकेतल्या बाई तिसऱ्यांदा तीच पँट घेऊन आल्या. कापड धुऊन आटतं असं त्यांचं म्हणणं, आणि मीही अगदी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. आत शिवणीत तू सोडलेली जास्तीच्या कापडाची माया होती म्हणून निभावलं, पण आता शेवटची शिवणही उसवून झाली. पुढच्या वेळी कापड आटलं तर त्यांना नवी पँटच शिवावी लागेल. किल्ल्या माझ्याकडे आहेत, कुलूप रोज दोनदा ओढून बघते. गुडघ्यासाठी ताईकडे राहायला निघताना त्या माझ्या हातात ठेवून तू म्हणाली होतीस की आता इथलं सगळं तूच बघ. तुझा अर्थ चार महिन्यांपुरता नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतोय. आत्या, मी दुसरीकडे अर्ज केलाय.

घाबरू नकोस, दुसऱ्या टेलरकडे नाही. शिकाऊ उमेदवारीसाठी, पत्र्याच्या कामात. तीन वर्षं, आठवड्यातले चार दिवस कारखान्यात आणि दोन दिवस इथल्या कॉलेजात. हो, कॉलेजात, मी, या वयात. पत्र्यात शिरतेय हे पत्रातून कळवतेय, यावर तू एकदा हसून घे म्हणजे मला पुढे लिहिता येईल. जागा अजून पक्की नाही. पंचवीस तारखेला यादी लागणार आहे आणि मी अगदी काठावर आहे.

हे सुरू झालं ते समोरच्या दवाखान्यामुळे. तिथं हवा खेळवणारे नवे डक्ट बसवताहेत, म्हणजे पत्र्याचे मोठमोठे चौकोनी बोगदे. यंत्र आणि डक्ट यांच्या मधे जाड कापडाचा एक पट्टा असतो, यंत्राची थरथर पुढे जाऊ नये म्हणून. तो पट्टा कुणीतरी चुकीचा शिवून आणला होता, तेव्हा तिथला मिस्त्री तो घेऊन आपल्या दुकानात आला. मी म्हटलं, माप घेतल्याशिवाय मी शिवत नाही, माणसाचं असो की यंत्राचं. तो हसला आणि मला तळघरात घेऊन गेला. तिथं लांब टेबलावर एक पत्रा पसरलेला, त्यावर खडूनं आणि टोचणीनं आखलेल्या रेघा. एका टोकाला चौकोनी आणि दुसऱ्या टोकाला गोल असा तुकडा करायचा होता, तो आधी सपाट पत्र्यावर काढलेला. मी बघतच राहिले. आत्या, ती बाही होती गं. तोच खांद्याशी जोडायचा मुंढा, तोच उतार, तशीच दोन टोकं जुळायला हवी. मी बोलून गेले की या बाजूचा गोल जरा जास्त घेतलाय, जोडताना फुगा येईल. मिस्त्रीनं टेपनं मोजलं, डोकं खाजवलं आणि रेघ पुसली. मग चहा पिताना त्यानंच या उमेदवारीचं सांगितलं, वयाची अट नाही हेही सांगितलं. पट्टा शिवून दिला त्याला आता दीड महिना झाला, अजून थरथर पुढे गेलेली नाही.

मी लगेच अर्ज केला नाही. आठवडाभर कात्री हातात धरून नुसती उभी राहायची. मला काही दुकानाचा कंटाळा आला नव्हता. पण तुला खरं सांगायचं तर गेली चार-पाच वर्षं मी नवीन काही कापलंच नाही. लोक तयार कपडे घेतात आणि आपल्याकडे येतात ते कंबर सैल करायला, चेन बदलायला, पायाशी दुमड घालायला. तूही हे बघत होतीस, फक्त बोलत नव्हतीस. त्या पत्र्यासमोर उभी राहिले तेव्हा मला सोळाव्या वर्षाची मी आठवले, पहिल्यांदा खडू हातात धरलेली. घरी सांगितलं तर हे उठून भांडी घासायला लागले. त्यांच्या भाषेत तो होकार असतो. लेक मात्र नाचली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी मास्तरीण झाली.

लेखी परीक्षेत गणित होतं. शाळा सुटली ती बाबा गेले म्हणून, असं आपण सगळ्यांना सांगतो. पण मी त्याआधीच गणितात दोनदा आपटले होते, हे तुला आणि मलाच ठाऊक. लेक वहीत अपूर्णांक मांडायची आणि माझ्यासमोर नुसते मुंग्यांसारखे आकडे. मग एकदा तिनं लिहिलं, सात छेद चार. मी टेप हातात घेतली, बघितलं, आणि म्हटलं, अगं हे तर पावणेदोन. अकरा छेद चार? पावणेतीन. नऊ छेद दोन? साडेचार. ती वहीकडे बघते, माझ्याकडे बघते. अठरा वर्षं तू मला खांदा साडेचौदा, छाती सव्वाछत्तीस असं ओरडून सांगत होतीस आणि मी लिहून घेत होते, ते गणितच होतं, हे शाळेत मला कुणी सांगितलंच नव्हतं. लेखी परीक्षेत मला शंभरात एकोणऐंशी मिळाले. निकालाचा कागद मी काळ्या मशीनच्या खणात ठेवलाय, बॉबिनच्या डबीखाली. आलीस की बघ.

तू मला पहिले चार महिने कापडाला हात लावू दिला नाहीस ते आठवतं? रद्दीचे पेपर कापायला लावायचीस. मी रडायचे, आणि तू म्हणायचीस की रड, पण पेपर ओला करू नकोस, रेघ फाकते. सगळ्या नातेवाइकांमधे माझ्यासाठी उपाय शोधणं चाललं होतं, कुणी म्हणे लग्न लावा, कुणी म्हणे कुठं तरी कामाला लावा. तू एकटीनं एक स्टूल आणून आपल्या टेबलाशेजारी ठेवलंस. मी टाचणीसारखी बारीक आणि टाचणीसारखी टोचणारी, म्हणून मला टाचणी म्हणायला लागलीस. मला त्या नावाचा राग यायचा. आता परीक्षेला कॉलेजात मला पूर्ण नावानं हाक मारली तर दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असं वाटलं. हे सगळं मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू विषय बदलून बटणं मोजायला लावली असतीस. पण तुझे उपकार आहेत आत्या. मी आज जी काही आहे ती त्या स्टुलावर बसून झाले.

आता प्रात्यक्षिकाचं सांगते. आम्ही चौदा जण होतो. मी सोडून सगळे पुरुष, आणि निम्मे माझ्या लेकीपेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठे. प्रत्येकाला एक चित्र, एक पत्रा, टोचणी, काटकोन धरायचा गुण्या आणि पत्रा कापायची कात्री दिली. चित्राप्रमाणे कापून, दुमडून एक झाकणाची पेटी करायची. मी आखलं, तपासलं, कापलं. कात्री जड, पण हात लगेच बसला. दुमडायला घेतलं तर पेटी काही जुळेना. शेजारच्यांच्या पेट्या लहान, माझी हे एवढी मोठी. मग ध्यानात आलं. मी चित्रातली रेघ बरोबर आखली होती, पण कापलं होतं तिच्या बाहेरून, चारी बाजूंनी बोटभर सोडून. पत्र्याला मी माया सोडली होती. एवढंच नाही, कोपऱ्यांपाशी कडेला दोन-दोन खाचाही मारल्या होत्या, आपल्या पद्धतीनं. एक खाच म्हणजे नेहमीची माया, दोन म्हणजे दुप्पट. मला आठवतसुद्धा नाही मी त्या केव्हा मारल्या. हातानंच मारल्या. तुझं ते वाक्य डोक्यात नव्हतं, बोटांत होतं, की माणूस काही मापात राहत नाही, माया ठेव. पत्रा मापात राहतो, आत्या. तो जाडही होत नाही आणि धुऊन आटतही नाही.

मी मान खाली घालून उभी राहिले. परीक्षा घेणारे मास्तर वयानं तुझ्याएवढे असतील, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्यांनी तिघांचे तुकडे बाजूला ठेवले, कारण ते रेघेच्या आतून कापले गेले होते आणि त्यांचं आता काही होण्यासारखं नव्हतं. माझा तुकडा मात्र हातात घेऊन ते बराच वेळ फिरवत राहिले. आतल्या रेघेवरून कापायला सांगितलं. मी कापला, दुमडला, झाकण बसलं. सूचना न पाळल्याचे गुण गेले ते गेलेच. मग त्यांनी जमिनीवर पडलेली एक कातरण उचलली आणि त्या दोन खाचा कशाच्या म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझा अर्ज काढला, वाचला, आणि माझ्याकडे बघितलं.

त्या अर्जात सातवा रकाना असा आहे: यापूर्वी कोणाच्या हाताखाली काम शिकलात, किती वर्षं, त्यांचा फोन नंबर. अर्ज भरताना मी त्या रकान्यापाशी दोन दिवस अडले होते. फोन नंबर दिला तर ते तुला फोन करणार आणि तुझ्या दुखण्यात तुला हे परक्याकडून कळणार, असं मी स्वतःला समजावलं. तेही खरं होतं. पण पुरतं खरं नव्हतं. अर्ज द्यायच्या रांगेत माझ्या पुढच्या माणसानं त्या रकान्यात मोठ्या कारखान्याचं नाव लिहिलेलं मी बघितलं होतं, आणि आपलं एका खिडकीचं शिवणाचं दुकान तिथं लिहायची मला लाज वाटली. मी लिहिलं, कोणाकडेही नाही, घरीच शिकले. आत्या, मी असं लिहिलं. मास्तर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "घरात एकटीनं शिकणाऱ्याला अशी खूण लागत नाही. ही खूण दुसऱ्याच्या हातासाठी असते. कापणारा एक आणि शिवणारा दुसरा असेल तरच ती मारतात. कुणाकडे शिकलात?" मी म्हटलं, "आत्याकडे. अठरा वर्षं." आणि बाकीच्या तेरा जणांसमोर रडू आलं.

सोबत एक कागद आहे, तो आता उघड. मास्तरांनी दिलेला अनुभवाच्या दाखल्याचा कोरा नमुना आहे. पंचवीस तारखेच्या आत त्यावर तुझी सही होऊन पोचली तर अठरा वर्षांचे गुण धरले जातील आणि मला जागा मिळेल. नाही पोचली तर नाही मिळणार. सही केलीस तर दुकान सांभाळायला मी नसेन, हे तुला माहीत असूनच ती करायची आहे. तू येईपर्यंत मी कुठंही जात नाही, उमेदवारी त्यानंतरच सुरू होते. पुढे दुकानाचं काय करायचं ते तू ठरव, मी मधे बोलणार नाही. सही करायची नसेल तर करू नकोस, मी रागावणार नाही, काळ्या मशीनवर पूर्वीसारखी बसेन. पण एक गोष्ट तुझ्या सहीसाठी थांबलेली नाही. मी काल कॉलेजात जाऊन तो अर्ज परत मागून घेतला, सातव्या रकान्यातली ओळ सगळ्यांसमोर खोडली आणि तिथं तुझं पूर्ण नाव लिहिलं. लिहून झाल्यावर खिडकीतल्या बाईंनी विचारलं की या तुमच्या कोण, आणि मी सांगितलं की ज्यांनी मला काम शिकवलं त्या.

तुझीच,
टाचणी