टटलसाहेब आणि डावीकडे जाणारी रायफल

१२ सप्टेंबर, गुरुवार

गेली! हार्लनची रायफल एकदाची गेली. गिऱ्हाईक मिझुरीचं — कुणी डेलमर टटल. कायद्याप्रमाणे पार्सल रस्टीच्या बंदुकीच्या दुकानातून निघालं, ते तिकडच्या परवानावाल्या दुकानात उतरेल. मी आत सह्या करत होते तेव्हा हार्लन गाडीतच बसून राहिला. म्हणे, गुडघा दुखतोय.

गुडघा कसला! इतक्या वर्षांत एक हरीण मिळालं नाही, हे दुखणं आहे. मर्विन माझा सख्खा भाऊ, पण जिभेला हाड नाही. अग्निशमनवाल्यांच्या जेवणात, सगळ्या गावासमोर — "काय दाजी, यंदाही हरणांना घाबरवून परत येणार का?" सगळे हसले. हार्लनही हसला. घरी आल्यावर म्हणाला, "वर्ना, विकून टाक ती रायफल. झालं माझं."

लिलावाच्या साइटवर मीच टाकली. एकेका ओरखड्याचा फोटो काढला. 'जुनी आहे, आहे तशी विकत आहे' असं ठळक लिहिलं. चर्चचे हिशेब सांभाळणाऱ्या बाईला कुणी खोटारडी म्हणू नये!

१८ सप्टेंबर, बुधवार

टटलसाहेबांचा पहिला निरोप. "मॅडम, दस्त्यावर ओरखडा आहे."

मी लिहिलं — आहे. फोटोत आहे. तिसऱ्या फोटोत तर नुसता ओरखडाच आहे.

उत्तर आलं — "फोटोत लहान वाटला."

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज चाप कडक आहे म्हणे. शिवाय रायफलीला तंबाखूचा वास येतो म्हणे. हार्लन पाइप ओढतो, येणारच वास! बंदूक काय उशाशी घेऊन झोपायची आहे? चाप सैल करायचा खर्च मी द्यावा, असं साहेबांचं म्हणणं.

मी 'नाही' लिहिलं. मग पुसलं. मग 'क्षमस्व, नाही' लिहिलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दस्ता आखूड आहे! आज ही तक्रार. मी उत्तर दिलं की दस्त्याची लांबी जाहिरातीत दिली होती, तुमच्या हातांची तुम्ही कळवली नव्हती. पाठवल्यावर वाटलं, जास्त झालं. पण मजाही आली.

दुपारी फोटो आला. उघडलं तर — परक्या पुरुषाचा उघडा खांदा! हिरवानिळा. "गोळी सुटली की तुमची रायफल खांद्याला लाथ मारते. मलमाचाही खर्च लावला आहे."

हार्लनला दाखवला. त्यानं चष्मा लावून नीट पाहिला. "माणूस खाऊनपिऊन सुखी आहे," म्हणाला, आणि कोबी वाढून घेतला.

पण म्हणजे साहेबांनी रायफल चालवली की! साइटचा नियम स्पष्ट आहे — पसंत नसेल तर न चालवता परत करा. आता सापडले!

२ ऑक्टोबर, बुधवार

टटलचा फोन. आवाज अगदी गोड, आजारी माणसाची विचारपूस करावी तसा.

"ताई, मुख्य गोष्ट तर सांगायचीच राहिली. ही डावीकडे जाते."

"कोण?"

"गोळी हो. नेम मधे धरला की वीतभर डावीकडे. नळीच वाकडी आहे. नवी बसवावी लागेल, दुरुस्तीवाल्यानं तसं सांगितलंय."

"ह्या दुरुस्तीवाल्याशी मला बोलता येईल?"

"तो सध्या मासे पकडायला गेलाय."

"मग त्यानं नळी पाहिली कधी?"

"फोनवर वर्णन करून सांगितली ना मी!"

माझा तोल सुटला. म्हटलं, "टटलसाहेब, नळी वाकडी आहे की तुम्ही?" फोन बंद. कुणी केला, आठवत नाही. मीच केला असेन.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सूड उगवला मेल्यानं. साइटवर माझ्या नावाखाली जगजाहीर शेरा — 'ह्या बाईंनी वाकडी बंदूक विकली आणि वर मलाच वाकडा म्हणाल्या. खोटारड्या आहेत.'

पहिलं वाक्य निदान अर्धं खरं. पण खोटारडी! चर्चमधल्या बायकांचे नवरे दिवसभर त्याच साइटवर पडलेले असतात. रविवारी प्रत्येकीच्या चेहऱ्यावर दिसणार मला ते.

तडक रस्टीकडे गेले. उभं आयुष्य बंदुका विकण्यात गेलंय त्याचं. तो म्हणाला, "वर्नाताई, असल्याशी वाद घालायचा नाही, दुरुस्तीचे पैसे द्यायचे नाहीत आणि शिव्या तर अजिबात द्यायच्या नाहीत. एकच सांगायचं — मिळाली तशी परत पाठवा, सगळे पैसे देते. खोटं बोलणारा परत पाठवत नाही. त्याला बंदूकही हवी असते आणि पैसेही."

"पण चालवलीय त्यानं! नियमानं मी बांधील नाही."

"नियम तुमच्या बाजूनं आहे, म्हणूनच तर उदार व्हायला सोपं आहे."

घरी येऊन अगदी तसंच लिहिलं. साखरेत घोळून. आता बसा गप्प, टटलसाहेब!

९ ऑक्टोबर, बुधवार

पाठवतोय! परत पाठवतोय! रस्टीच्या अनुभवाला आग लागो.

न्याहारीला हार्लनला सांगितलं. तो ओटमील ढवळत होता. इतके दिवस माझी बडबड ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडत होता, आज एकदम थांबला.

"कुठे जाते म्हणाला?"

"डावीकडे."

"किती?"

"वीतभर. अरे, थापा मारतोय तो."

त्यानं चमचा खाली ठेवला. मग ओटमील तसंच टाकून अंगणात गेला आणि कुत्र्याशी बोलत बसला. काय बोलला, ऐकू आलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

रायफल आली. हार्लन ती घेऊन एकटाच जुन्या खाणीकडे गेला. त्याला निशाणावर गोळी झाडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही. लग्नापासून मी कधी पाहिलेलं नाही.

मी भांडी घासत होते. गाडी आली. दार धाडकन उघडलं आणि हा माणूस आत — बूट न काढता! हातात निशाणाचा कागद. मधला काळा गोल कोरा करकरीत. भोकं सगळी डावीकडे.

"वर्ना! वाकडी आहे! ती वाकडी आहे गं!"

मला उचललं त्यानं. गुडघ्यासकट! मग टेबलाशी बसला आणि रडला. मी पाठीवर हात फिरवत राहिले. "मला वाटायचं मीच..." एवढंच म्हणाला. वाक्य पुरं केलं नाही.

नंतर मर्विनला फोन. "साल्या, बंदूक वाकडी होती!" माझा भाऊ फोनवर गप्प झाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

तो कागद आता हार्लनच्या कोटाच्या खिशात राहतो. न्हाव्याला दाखवला. पोस्टात दाखवला. आज अग्निशमनवाल्यांच्या जेवणात टेबलाटेबलावर फिरवला, लोक कुस्करलेल्या बटाट्यांवरून हात लांब करून बघत होते. पाद्रीबाबांनीही बघितला, म्हणाले, "हार्लन, बरंच सोसलंस रे."

रस्टीनं मात्र नळीतून उजेडाकडे पाहिलं. "मला तर सरळ दिसतेय."

"चष्मा बदल तुझा," हार्लन म्हणाला.

"बरं, पुढचं नेमाचं टोक जरा ठोकून देतो. गोळी उजवीकडे येईल."

"हात लावू नकोस! पुरावा आहे तो!"

आणि मी? मी आता उघडउघड वाकडी बंदूक विकणारी बाई. पोस्टातली मार्था म्हणाली, "अगं, तुला माहीत नसणार." 'नसणार' वर जोर जरा कमीच होता. टटलचा शेरा अजून तिथेच आहे. हार्लनला मात्र टटल म्हणजे देवदूत वाटतो. नाताळला त्याला सॉसेजचा डबा पाठवायचा म्हणतोय!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. टर्की कोरडी झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मर्विननं जेवणानंतर गाडीतून आपली जादा रायफल आणून हार्लनपुढे धरली. "घ्या दाजी. ही सरळ आहे." नजर ताटात होती त्याची. माफी मागण्याची आमच्या घराण्यातली पद्धत एवढीच.

हार्लन परवा डोंगरावर जाणार. गुडघ्याचं नावसुद्धा नाही.

मला धास्ती. ह्या खेपेस हुकला तर दोष द्यायला काही उरलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

मिळालं!!

आठ फाट्यांच्या शिंगांचा नर. एकाच गोळीत. मर्विन सांगत होता — "ताई, अगं हे हललेच नाहीत. पूर्वी नेम धरताना नुसते थरथरायचे. आज असे उभे, जणू हरणानंच बोलावलंय." हार्लन बाजूला उभा होता, टोपी हातात, गाल लाल. मर्विनच बोलला, भेटेल त्या प्रत्येकाला — "आमचे दाजी!"

बर्फ पडत असूनही अर्धा गाव आमच्या अंगणात. कॉफी संपली, पुन्हा केली, पुन्हा संपली.

४ डिसेंबर, बुधवार

हार्लन मर्विनकडे मांस कापायला गेलाय. जुनी रायफल भंगारात टाक म्हणाला. टाकण्याआधी मी ती मागच्या कुंपणापाशी घेऊन गेले, खांबाला निशाण टाचलं. लहानपणी वडिलांनी मला आणि मर्विनला बरोबरच शिकवलं होतं. लग्नानंतर मी बंदूक धरलीच नाही. बरं दिसलं नसतं.

गोळ्यांचा खोका संपेपर्यंत झाडल्या. सगळ्या मधोमध.

कागद चुलीत घातला. मग साइट उघडून टटलच्या शेऱ्याखाली उत्तर लिहिलं, माझ्या पूर्ण नावानिशी — 'ह्यांचं म्हणणं खरं आहे. रायफल डावीकडे जाते.'