पप्पांनी केलेली वाटणी

दादा,

चिठ्ठी जिन्यावर ठेवतेय, कारण ठेवायला टेबल उरलेलं नाही. पप्पांनी ते पहाटे मधोमध कापलं. करवतीचा आवाज मी ऐकला होता, पण वाटलं, सुताराच्या घरात नेहमीचंच काम चाललंय. खाली आले आणि चहा हातातच गार झाला.

स्वतःच्या लग्नाच्या वर्षी एकही खिळा न मारता त्यांनी बनवलेलं टेबल, दादा. भुसासुद्धा स्वतःच झाडून ठेवलाय.

काल जेवल्यावर ते टेबल कोणाकडे जाणार यावरून आपण भांडलो. तू थोरलेपणा काढलास, मी मम्मीच्या शेवटच्या आजारपणात केलेली सेवा काढली. पप्पा पलीकडे बायबल वाचत होते आणि आपल्याला वाटलं, त्यांना कुठे ऐकू येतंय.

मी विचारलं, हे काय करून बसलात? शांतपणे म्हणाले, "टेबल मागत होता, दिलं. मी तुमच्यासाठी त्याच्याभोवतीची प्रार्थना ठेवून जाणार होतो. तिच्यासाठी कोणी भांडलं नाही."

 

दोन्ही तुकड्यांना दोन-दोनच पाय आहेत, सोडले की आडवे होतात. भिंतीला टेकवून ठेवलेत, हात लावू नकोस. मी हॉस्पिटलला ड्युटीवर निघाले. पप्पा म्हणालेत, संध्याकाळची प्रार्थना रोजच्यासारखी टेबलावरच होईल. तेव्हा घरी थांब. तुझा अर्धा तू धर, माझा मी धरते. त्यांचे हात जोडलेले असतील.