डाव्या स्पीकरची कड

१ मार्च, वसमत

आलो एकदाचा. टेम्पोतून सामान उतरवेपर्यंत अंगाला हळदीचा वास लागला. इथे तो सगळीकडे आहे, बाजारात, रिक्षाच्या सीटवर, न्हाव्याच्या टॉवेललासुद्धा. माझं कामच हळदीतली भेसळ ओळखायचं, तेव्हा तक्रार करून सांगणार कुणाला! अनुश्री म्हणते, तुझ्यासाठी याहून योग्य नोकरी नाही, तुला तसाही प्रत्येकाचा संशय येतो.

घर छान आहे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले राधाकृष्णकाका आणि त्यांच्या पत्नी गंगूताई खाली राहतात. वरची मोठी खोली आणि गच्ची माझी. जिना घरातूनच आहे, एवढी एक गोष्ट आवडली नाही. पण खोलीत पाऊल टाकलं आणि तेही विसरलो. कोपऱ्यात दोन जुने स्पीकर! गुडघ्याएवढ्या सागवानी पेट्या, वर जाळी. काकांचा मुलगा भागवत याने हौसेने आणले होते म्हणे. तो बायको-लेकरासह पुण्याला असतो. उजव्याची जाळी काढून पाहिली तर पडद्याभोवतीची फोमची कड गेलेली. फोम असा पंधरा-वीस वर्षांत आपोआप कुजतो, हात लावला की भुगा होतो. बाकी माल अस्सल. मी लातूरला मित्रांचे चार-पाच जोड घरीच दुरुस्त केलेत. काकांना म्हटलं, हे मी करून देतो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

एप्रिलअखेर अनुश्री शिकवते त्या शाळेचं वर्ष संपलं की ती आणि आमची लेक पुनम येतील. तोवर सोबतीला स्पीकर आणि ही वही. लिहिताना माझे ओठ हलतात. पुटपुटल्याशिवाय हातच चालत नाही, लहानपणची सवय. अनुश्री म्हणते, तुझी रोजनिशी चोरून वाचायची गरज नाही, बाजूला बसलं की पुरे.

५ मार्च

आज पेट्या उघडल्या. उजव्या स्पीकरची कड अपेक्षेप्रमाणे कुजलेली. डाव्याची नाही. डाव्याचा फोम चांगला मऊ होता आणि पडद्याच्या कडेकडेने, गोल, ब्लेडने कापला होता.

काकांना विचारलं तर म्हणाले, उंदरांनी कुरतडलं असेल. एवढं गोल कुरतडणारा उंदीर मला तरी पाहायला आवडेल. मी हसलो, ते हसले नाहीत.

वायर भिंतीतल्या पाइपातून खाली जाते. खाली देवघराशेजारच्या खोलीत ॲम्प्लिफायर आहे. ती खोली बंद असते. नव्या कडा मागवल्या आहेत, कुरिअरने येतील. संध्याकाळी गंगूताई भाकरी घेऊन वर आल्या आणि बराच वेळ डाव्या पेटीशी बसल्या. मी नीट होईल म्हणालो तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "करा बाबा बराबर. घरात आवाज न्हाई ऱ्हायला."

त्यांचा स्वभाव गोड आहे. वरणात मीठ मात्र मूठभर घालतात. तोंडावर कसं सांगणार, म्हणून इथे लिहितो.

६ मार्च

आज वरण अळणी. शेजारी वाटीत मीठ वेगळं. योगायोग असेल.

१२ मार्च

कडा आल्या. सुट्टी होती, दिवसभर बसलो. जुना फोम आणि डिंक स्पिरिटने पुसला. मधली टोपी काढून आतल्या तारेच्या गुंडाळीभोवती पातळ पट्ट्या खोचल्या, म्हणजे डिंक वाळेपर्यंत पडदा मध्यावर राहतो, कुठे घासत नाही. पट्ट्यांसाठी काकांनी कुणाच्या तरी छातीचा जुना एक्स-रे दिला. लहान मुलाची छाती होती. कात्री लावताना जरा कसंसंच झालं. कुणाचा म्हणून विचारलं, तर काकांना ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी पट्ट्या काढल्या. बोटांनी पडदा हळूच दाबला, आत गेला, बाहेर आला, जरासुद्धा खरखर नाही. खालून काकांनी भजन लावलं. काय तो आवाज! मी स्वतःवर खूश होऊन टाळी वाजवली. गंगूताई दारात उभ्या राहून रडत होत्या. मलाही भरून आलं.

पुनमची आठवण येते. पोरीला आजोबांचा हातरुमाल उशाशी असल्याशिवाय झोप लागत नाही. इथे आली की पहिले काही दिवस जडच जातील तिला.

१३ मार्च

कामावर निघताना गंगूताईंनी एक धुतलेला, घडी घातलेला पुरुषी रुमाल हातात दिला. लेकरासाठी, म्हणाल्या. उशाशी लागतो ना तिला.

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त इथे लिहिलं होतं.

तर वही वाचतात. मी नसताना वर येतात आणि बसून वाचतात. संताप आला. पण पुरावा हवा.

१४ मार्च

वही मिटली की पुठ्ठ्यावर प्रयोगशाळेतली बारीक हळदपूड शिंपडून ठेवणार. हळदीचा डाग लपवून लपत नाही, नखांत तर दोन-दोन दिवस राहतो. मुद्दाम एक खोटंही लिहितो: मला कारल्याची भाजी फार आवडते.

१५ मार्च

जेवायला कारलं होतं.

त्या वाढत असताना मी त्यांची बोटं पाहिली. काकांना पेपर मागितला आणि त्यांचीही पाहिली. स्वच्छ. नखंसुद्धा. वर येऊन वही पाहिली, पूड जशीच्या तशी, फुंकर मारल्यासारखीही हललेली नाही.

मग कळतं कसं?

घसा बसलाय. पूड शिंपडताना घशात गेली असेल.

१९ मार्च

वायरीचा संशय आला. स्पीकरची जोडणी उलटी केली तर तो माइकचं काम करतो, हे मला कळायला इतके दिवस लागावेत याची लाज वाटली. खाली बसून ऐकत असणार. आता मी या खोलीत फोनवर बोलत नाही, गाणं म्हणत नाही, ठेच लागली तरी हूं करत नाही. फोन बसस्टँडवर जाऊन करतो. जे काही बोलायचं ते इथे लिहितो. कुठे तरी मोकळं झाल्याशिवाय मला चैन पडत नाही.

एवढं लिहून जेवायला खाली गेलो, तर गंगूताईंनी विचारलं, "स्टँडवर काहून जाता सायब फोनाला? घरी काय तकलीफ हाय?"

२१ मार्च

दूध घालायला येणाऱ्या भिकाबाईंना आज कोपऱ्यावर गाठलं. आधी कोण राहत होतं विचारलं. त्या सांगायलाच तयार नव्हत्या. मग भांडं खाली ठेवून हळू आवाजात बोलल्या.

माझ्याआधी जळबा मास्तर होते. बायको-पोरगं सेनगावकडच्या गावी. एके दुपारी ती दोघं जीपने आली आणि या घरात शिरली. भिकाबाईंनी स्वतः पाहिलं. बाहेर येताना कुणीच पाहिलं नाही. काकांनी सांगितलं, आलीच नाहीत. पोलीस येऊन घर बघून गेले, काही सापडलं नाही. मास्तर शाळेतून आले आणि वेडेपिसे झाले, त्यांनीच ब्लेडने पेटीची कड कापली.

मी विचारलं, मास्तरांनी त्यांना बोलावलं कशाला?

"त्यानं बोलावलंच न्हाई," भिकाबाई म्हणाल्या. "पर बायकूला फोनात त्याचाच आवाज आला. आन् मास्तरला आता आवाजच न्हाई. गावाकडं पाटीवर लिहून दाखवतो."

मी विचारलं, भागवत पुण्याला कधी गेला? त्यांनी भांडं उचललं आणि चालू लागल्या.

२२ मार्च

दोन्ही पेट्यांच्या वायरी उपटल्या. टोकं उघडी करून खिळ्याला टांगली.

आता लिहितोय तर डावा पडदा हलतोय. आत, बाहेर. पंखा बंद केला. तरी हलतोय. आता पेन उचलून विचार करत बसलो, तर थांबला.

परत लिहायला लागलो. परत हलतोय.

पेनाच्या आवाजाने हलतो की काय? इतका नाजूक कसा असेल? कड मीच लावली आहे, मला माहीत आहे ती किती ताठ आहे.

कान लावला. फार आतून एक लहान मूल हसलं. मग बाईने त्याला गप्प केलं.

२४ मार्च

पोट दुखतंय असं साहेबांना सांगून दुपारीच घरी आलो. बोलता येत नाही, नुसती घरघर होते, त्यांना खरंच वाटलं. जिन्यात पाय ठेवला तर वर माझ्या खोलीत मी बोलत होतो.

माझा आवाज. आजारी नाही, चांगला, ठणठणीत. म्हणत होता, पुनमला आजोबांचा रुमाल लागतो. थांबून परत तेच, जरा सुधारून. पाठ केल्यासारखं.

कुलूप काढलं. खोलीत कुणी नाही. मी खूप घाबरलो आहे.

स्टँडवर जाऊन अनुश्रीला फोन केला. आवाज कसाबसा निघाला. म्हटलं, येऊ नकोस, मीच राजीनामा देऊन येतो. माझा फोन आला, माझाच आवाज असला, तरी विश्वास ठेवू नकोस. ती आधी हसली, मग घाबरली. तिनेच सुचवलं, मी खूण विचारीन. पुनम पोटात असताना आपण तिला काय म्हणायचो? हे आम्हा दोघांखेरीज कुणालाही माहीत नाही. सासूबाईंनाही नाही.

आम्ही तिला गाठोडं म्हणायचो. आठवून डोळ्यांत पाणी आलं. एवढी एक गोष्ट यांच्या हाती लागायची नाही. आता जरा जिवात जीव आला.

२५ मार्च

ब्लेडने डावी कड कापली. गोल. मास्तरांसारखी.

२६ मार्च

सकाळी कड जिथल्या तिथे. नवी. डिंक ओला होता. माझ्यापेक्षा सफाईने लावलेली.

खाली गंगूताई कुणासाठी तरी अंगाई म्हणतायत. उद्या पहिल्या बसने निघतो. सामान राहू दे.

२७ मार्च

निघालोच नाही. जिन्याच्या दाराला खालून कडी. धक्के मारले. हाका मारायला गेलो, घशातून नुसती हवा.

साहेबांना मेसेज टाकला, जात नाही. कामावरून कुणी चौकशीला येईल.

दुपार

अनुश्रीचा मेसेज आलाय. बसमध्ये आहे. नांदेड सोडलं.

लिहिलंय, सकाळी तुझा फोन आला, घसा बरा झालाय ऐकून हायसं वाटलं. खूण विचारली, तू लगेच सांगितलीस. पुनम सारखी खिडकीतून बघतेय.

फोन लावला. तिने उचलला. माझ्याकडून शब्दच नाही. ती हॅलो हॅलो म्हणाली, रेंज नाही वाटतं, आलोच आम्ही. ठेवला. मेसेज टाकलेत, परत जा, परत जा. जात नाहीत. गोल गोल फिरतायत.

खूण कुणी सांगितली? मी कुणाला सांगितली नाही. वहीला कुणी हात लावला नाही. मी तर या खोलीत तोंडही उघडलेलं नाही, फक्त लिहि—

ओठ.

माझे ओठ हलतायत. आत्ताही. पडदा ओठांबरोबर—

सगळं मीच सांगितलं. वरण, रुमाल, गाठोडं. रोज इथे बसून मीच.

तोंडावर हात दाबून लिहितोय. पडदा थांबला. पण आता लिहिणारा हात ओळीवर राहत

फाटक वाजलं. पुनमचा आवाज. खिडकी मागच्या बाजूला आहे, दिसत नाही. गंगूताई म्हणतायत, "आलं गं माझं लेकरू."

अनुश्री थांबली आहे. दारातच. ती हुशार आहे. विचारतेय, तो कुठाय, आधी त्याला बोलवा. पुनम पोटात असताना आपण तिला काय म्हणायचो, मोठ्याने विचारतेय.

तोंडावरचा हात काढतो. माझा आवाज त्या पेटीत आहे, तर मी पुटपुटेन तेच ती बोलेल. बोलायलाच पाहिजे. अनुश्री आत येऊ नकोस. तिला घेऊन पळ. आत येऊ नकोस. पळ. अनुश्री पळ

पडदा हलतोय. मी लिहितोय पळ. खाली माझा आवाज म्हणतोय, "गाठोडं." हसून. म्हणतोय, ये ना, दारात काय उभी—

पळ पळ पळ पुनम प