धाकटीच्या साडीची मागची बाजू

४ नोव्हेंबर
रोजनिशी लिहायची हे ठरवून आज अठरा दिवस झाले. आधी मनासारखं पेन मिळेना. मिळालं तर त्याचं टोपण हरवलं. शिवाय पहिलं वाक्य दणदणीत हवं होतं, ते सुचेना. शेवटी सुचलं नाहीच. हेच ते.
आजपासून रोज. खाडा नाही.
मुख्य बातमी: धाकट्या बहिणीचं लग्न तीस तारखेला. तिची साडी आणायची जबाबदारी घरच्यांनी माझ्यावर टाकली. आई म्हणाली, विणकरांची गल्ली तुझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर आहे म्हणून सांगतेय, उगाच भलतं काही मनात आणू नकोस. पण मला कळतं. माझी पारखी नजर घरच्यांना आता कुठे दिसायला लागलीय.

६ नोव्हेंबर
काल खाडा. खिडकीत कबुतरानं घरटं मांडलं, त्यात दिवस गेला. निरीक्षण हाही अभ्यासच.

७ नोव्हेंबर, सकाळी ११
विणकरकाकांकडे गेलो. एक खोली, खोलीभर माग, उरलेल्या जागेत काका. साडी चार महिन्यांपासून मागावर आहे. जांभळी, अंगभर मोरपिशी बुट्टे, पदरावर तर फुलांची नुसती दाटी. रंग धाकटीनं स्वतः येऊन निवडले होते, हे मला आज कळलं. एकूण चारशे बुट्टे, एकेकाला पाऊण तास. मी सुचवलं, मोठे काढा, लवकर उरकेल. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि धाग्याचा धोटा मागात या टोकाहून त्या टोकाला फेकला. कला आहे, व्हिजन नाही.
काकू दुसऱ्या एका साडीच्या मागचे लांब धागे छोट्या कात्रीनं कातरत होत्या. सोपं दिसलं. मी कात्री मागितली, तर त्यांनी ती मांडीखाली सरकवली. मग विचारलं, हल्ली काय करतोस? म्हटलं, खास समारंभांसाठी हातमागाच्या साड्या आणि दागिने, या फील्डमध्ये उतरतोय. म्हणाल्या, उतर की, पण आधी चपला बाहेर काढ.

१० नोव्हेंबर
पेज सुरू केलं. लोगोलाच दोन दिवस लागले. फॉलोअर एकेचाळीस, त्यात नातेवाईक सव्वीस. उरलेले पंधरा म्हणजे मार्केट.
संकल्प: १) रोज एक पोस्ट. २) धाग्यांचा अभ्यास. ३) रोज सहाला उठणे.

११ नोव्हेंबर, सकाळी १०.३०
तिसरा संकल्प अव्यवहार्य. रद्द.

१५ नोव्हेंबर
साडी ताब्यात! काकूंनी मऊ सुती कापडात गुंडाळून दिली. सूचना: उलगडू नकोस, उन्हात धरू नकोस, थेट धाकटीच्या हातात दे. काका पहिल्यांदाच आपणहून बोलले. म्हणाले, पोरीला सांग, पदर मन लावून केलाय.
खोलीवर आल्या आल्या उलगडली. क्वालिटी चेक नको का?
पुढून लाजवाब. मागून मात्र बघवेना. प्रत्येक बुट्ट्यामागे लोंबते धागे, आठवडाभर दाढी न केल्यासारखे. लग्नाची साडी ही! घाईत राहून गेलं असणार. म्हातारी माणसं, चालायचंच. आपण आहोत ना.

१६ नोव्हेंबर, सकाळी ९ ते दुपारी ४
फिनिशिंग. खालच्या टेलरची कात्री, माझा चिमटा. काकू टोकं ठेवून कातरतात, ही त्यांची जुनी पद्धत. मी थेट बुंध्यापासून कातरलं आणि उरलेली टोकं चिमट्यानं ओढून काढली. मागची बाजू आता आरशासारखी. मध्ये टेलर डोकावला. म्हणाला, कापड कातरतोयस की कुणाचं नशीब? टेलर लोकांना विनोदाचा भारी सोस.
पिशवीभर मोरपिशी धागे निघाले. टाकायचे कशाला? त्यांचे झुमके करायचे. आयुष्यात इतकी सलग कल्पकता पूर्वी कधी जाणवली नव्हती.

१७ नोव्हेंबर
साडी सुलट करून पाहिली.
काही बुट्टे दिसत नाहीत.

१७ नोव्हेंबर, दुपारी
मोजले. चारशेपैकी एकशे सहा आहेत. काही फुलांना पाकळ्या नाहीत, काहींचा नुसता देठ उरलाय, पदराची तर अगदी चाळण. मागून ओढलेला धागा पुढच्या फुलाचाच असतो, हे कुणीतरी आधी सांगायला नको? या धंद्यात ट्रेनिंग म्हणून काही नाहीच.

१८ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. सध्या साधेपणाची फॅशन आहे. कमी बुट्टे म्हणजे जास्त क्लास. तरी पदरावर नजर जाऊ नये म्हणून मोठा हार घालावा, असं ठरवलं. सोनाराकडे गेलो. पदर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत झाकला जाईल असा हार मागितला. त्यानं विचारलं, नवरीला घालायचाय की बैलाला?
गिऱ्हाईकाशी बोलायची रीतच राहिली नाही.

२० नोव्हेंबर
झुमके तयार. फोटो टाकला. त्रेसष्ट लाइक! रेकॉर्ड.
संध्याकाळी धाकटीचा फोन. दादा, झुमके काय सुंदर झालेत रे. हा रंग तर हुबेहूब माझ्या बुट्ट्यांचा. काकांकडचा उरलेला धागा का? मी म्हटलं, हो, उरलेलाच. ती इतकी हरखली की म्हणाली, लग्नात हेच घालणार. मग हळूच म्हणाली, चार महिने झाले, रोज डोळे मिटून तो पदर खांद्यावर टाकून बघते. कुणाला सांगू नकोस, हसतील.
मी हसलो नाही. भूक मात्र मेली.

२१ नोव्हेंबर
खाडा.

२३ नोव्हेंबर
आईनं व्हिडिओ कॉलवर साडी दाखवायलाच लावली. फोन हलवत दाखवली, तरी तिला दिसलं. आई एरवी दळण दळल्यासारखी बोलत राहते, आज तिनं नुसती धाकटीला हाक मारली. मग धाकटी कॅमेऱ्यासमोर आली. तिनं एवढंच विचारलं, पदरावरचेही गेले?
मी म्हटलं, हातमागाच्या मालाचं असंच असतं. काकांचं आता वय झालं, डोळे साथ देत नाहीत, वीण सैल पडली असणार. कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.
ती स्क्रीनवरून बाजूला झाली. नुसती भिंत दिसत राहिली.
मी खोटं बोललो नाही. काकांचं वय झालंच आहे.

२४ नोव्हेंबर, दुपारी ३
निर्णय. साडी कुरिअरनं पाठवायची आणि आपण पाचच्या बसनं निघायचं. पळून नव्हे, अभ्यासदौरा. लांबच्या गावांत जाऊन हातमागाच्या समस्या समजून घ्यायच्या. लग्नाला वेळेत पोचलो तर उत्तमच. आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. असू दे. भिंगरी थांबली की पडते.
बॅग भरली. कबुतराला दाणे ठेवले.

४.१०
टेलर जिन्यातून ओरडतोय. खाली कुणी म्हातारे आलेत, पायऱ्या चढवत नाहीत म्हणून त्याच्या स्टुलावर बसलेत. खिडकीतून वाकून पाहिलं.
विणकरकाका. कामाच्या दिवशी माग सोडून आलेत. काल धाकटीनं त्यांना फोन केला होता म्हणे. भांडायला नाही, डोळ्यांना त्रास होतोय का, हे विचारायला. टेलर सांगतोय, म्हातारा धाप लागेपर्यंत चालत आलाय. पिशवीत सुई आणि मोरपिशी धाग्याचं रीळ आहे. म्हणतोय, चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं, माझ्याच हातून झालं असणार. चार-पाच दिवस इथं उजेडात बसतो, पदरावरची फुलं जमतील तेवढी सुईनं भरतो. पोरीचं लग्न आहे.
साडी खाली मागितलीय. उलटी करून आण म्हणाले, म्हणजे कुठे चुकलो ते कळेल.