केशरबाईंची ओटी

१८ जानेवारी १९७३, कर्जत
ह्यांच्याबरोबर मिरजगावच्या दुष्काळी कामावर गेले. एरवी सरकारी जीपला मला हात लावू देत नाहीत! आज बायकांची तक्रार ऐकायची होती, म्हणून नेलं. मजुरांना गूळ-पिठाची सुकडी मिळते. खडी फोडणाऱ्या भागूबाईनं मूठभर माझ्यापुढे धरली. "वास घ्या, बाईसाहेब. लेकरं खाईनात. खाल्ली तर वकत्यात." कुबट वास. हे तिथंच म्हणाले, "तपासून घेतो. खराब निघाली तर मक्ता रद्द." प्रांतसाहेबांचा शब्द! मला फार अभिमान वाटला.

२४ जानेवारी
सुकडीचे मक्तेदार राधाकृष्णशेठ. त्यांच्याकडे आज हळदीकुंकू. हे म्हणाले, "जा, पण येताना काही आणायचं नाही." हे काय सांगायला हवं? दिवाळीचं ताटसुद्धा आमच्या दारातून परत जातं.

शेठच्या पत्नी केशरबाईंनी ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि वर जरीची साडी! मी मागं सरले. "ओटीला न्हाई म्हनू नये, वहिनी." सगळ्या बायका बघत होत्या. पदर पसरला. वाटेत स्वतःचाच राग आला.

२५ जानेवारी
हे भडकले. "परत कर." पण भरलेली ओटी परत करतात का कुठं? मग सुचलं! केशरबाईंना घरी बोलावलं, हळदीकुंकू लावलं आणि तीच साडी त्यांच्या ओटीत घातली. वर नारळ आमचा. बाईंचं तोंड एवढंसं झालं, पण नाही म्हणतात कशा! हे ऐकून पोट धरून हसले. असे हसले की मला बरं वाटतं.

३ फेब्रुवारी
धाकट्या भाऊजींना — कानिफनाथांना — नोकरी लागली. नगरला, कुठल्याशा गिरणीत कारकून. किती दिवस घरी बसून होते बिचारे. सासूबाईंनी पेढे वाटले.

९ फेब्रुवारी
सुकडी खराबच निघाली. पण हे म्हणतात, ताकीद पुरे. मक्ता मोडला तर नवा होईपर्यंत मजुरांना तेवढंही मिळणार नाही. पटलं. म्हणजे, पटवून घेतलं.

१३ फेब्रुवारी
भाऊजी जेवायला आले. सहज विचारलं, गिरणी कुणाची?
"राधाकृष्णशेठची. दादा बोलले न्हाईत व्हय?"
मी ह्यांच्याकडे पाहिलं.
"नोकरी म्हणजे काय भेट असते का?" म्हणाले, आणि भाकरी मागितली.